पाडव्याचा दिवा, भाऊबिजेला

१८ सप्टेंबर २००५, नेर

नेरला आलो. अमरावतीहून एस.टी.नं, दोन बॅगा आणि पुस्तकांची खोकी घेऊन. कंडक्टरनं खोक्यांचं वेगळं तिकीट फाडलं आणि आत काय आहे विचारलं. पुस्तकं म्हटल्यावर त्यानं इतक्या कळवळ्यानं माझ्याकडं पाहिलं की मला वाटलं पैसे परत देतो. दिले नाहीत.

ज्या साप्ताहिकात मी वीस-बावीस वर्षं लोकांची टिंगल करून पोट भरलं ते उन्हाळ्यात बंद पडलं. आमच्या जाहिराती म्हणजे जिनवाले, पेंडवाले आणि बियाणंवाले. कापसाचं कंबरडं मोडलं तसे आधी जिनवाले गेले, मग पेंडवाले. बियाणंवाले राहिले होते, पण त्यांची टिंगल केल्याशिवाय मला राहवलं नाही. अशा बेकार, बिनलग्नाच्या, पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नेरच्या वाचनालयात ग्रंथपालाची जागा मिळावी आणि वर सख्ख्या बहिणीच्या घरी माडीवरची हवेशीर खोली, याला माझे शत्रू वशिला म्हणतील. वशिलाच आहे. वाचनालयाचे अध्यक्ष चारुदत्तराव, म्हणजे सुनीतीचे यजमान.

ते स्टँडवर स्वतः घ्यायला आले होते. इथल्या कोर्टात वकील आहेत. कपाळाच्या दोन्ही बाजूंना टिकलीएवढे दोन खड्डे दिसले. मागं केसांत आणखी दोन आहेत म्हणे. गेल्या वर्षी भर कोर्टात साक्षीदाराला आडवं घेता घेता वकीलसाहेब स्वतःच आडवे झाले. फेफरं आलं. नागपूरला डोक्याच्या फिल्मा काढल्या तेव्हा कळलं की मेंदूत उजवीकडं, मागच्या बाजूला, रक्तवाहिन्यांचा एक गुंता आहे. जन्मापासूनचा. जाणारं रक्त आणि येणारं रक्त यांच्यामध्ये जी बारीक जाळी असायची ती तिथं नाहीच, मोठ्या नळ्या थेट एकमेकींना जुळलेल्या. त्या कधीही फुटतील.

जागा अशी अवघड की कवटी उघडायची सोय नाही. म्हणून मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात किरणांनी शस्त्रक्रिया केली. चाकू नाही, टाके नाहीत. डोक्याला चार स्क्रूंनी एक धातूची चौकट आवळतात, माणसाला यंत्रात सरकवतात, आणि चहूबाजूंनी सुईसारखे किरण नेमके त्या गुंत्यावर एकवटतात. दुसऱ्या दिवशी माणूस घरी. खड्डे त्या स्क्रूंचे.

सुनीतीनं माझ्यासाठी पाटवड्यांचा रस्सा केला होता. इतका झणझणीत की अमरावती सोडल्याचं दुःख मी पहिल्या घासालाच विसरलो.

२६ सप्टेंबर

वाचनालयात दुपारी तीन माणसं येतात. दोघं पंख्याखाली झोपतात आणि तिसरा रोज तेच रहस्यकथेचं पुस्तक घेतो, कारण त्याचं शेवटचं पान कोणीतरी फाडलंय आणि त्याला वाटतं मी कधीतरी ते चिकटवीन. सुखाची नोकरी आहे.

चारुदत्तरावांचं दुखणं मला वाटलं होतं तसं संपलेलं नाही. किरण टाकले म्हणजे गुंता लगेच मरत नाही. नळ्यांच्या भिंती आतून हळूहळू जाड होतात आणि दोन-तीन वर्षांनी वाट बुजते. तोवर फुटायची भीती होती तेवढीच. ते हे सांगतात आणि हसतात. म्हणाले, निकाल आपल्या बाजूनं लागलाय वामनराव, ताबा मिळायला वेळ लागेल, आपल्या कोर्टाची रीतच आहे. डोक्यात सतत सरकी काढायची जिन चालू असल्यासारखा आवाज येतो, नाडीच्या ठेक्यावर. गावातली जिन बंद पडली, यांची एकट्याची चालू.

आणखी एक. त्यांना डावीकडचं दिसत नाही. डोळे धड आहेत. मेंदूचा तो कोपरा डावीकडची अर्धी दुनिया गाळून टाकतो. जेवायला बसले की ताटात डावीकडं वाढलेलं मीठ, लिंबू, चटणी त्यांच्या लेखी नसतंच. पहिल्या दिवशी त्यांनी तक्रार केली की या घरात चटणी मिळत नाही. सुनीती उठली, ताट अर्धं फिरवलं आणि परत जागेवर बसली. चटणी उजवीकडं आली. ते खूश. नवरा-बायकोतला इतका मुकाट संवाद मी पाहिला नव्हता. लग्न केलं नाही याचं मला क्वचितच वाईट वाटतं. त्या दिवशी वाटलं.

१५ ऑक्टोबर

घर छान आहे, सिमेंटचं, गच्चीला लोखंडी जाळी, बाहेर जास्वंद. पुढच्या खोलीत सासऱ्यांचा फोटो असावा तिथं एका तरुण माणसाचा आहे. सदाशिवराव. सुनीतीच्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. या घरच्या तेव्हाच्या सुनेचे भाऊ, पण हार यांना, आणि तोही दर भाऊबिजेला ताजा. इतका मान मेहुण्याला मिळालेलं महाराष्ट्रात दुसरं घर नसेल असं मी म्हणालो. सुनीती म्हणाली, ते याच घरात गेले, डोक्यात काही फुटून, ऐन तारुण्यात. सासरे मात्र नंतर पुष्कळ जगले. दोन वाक्यं तिनं अशी जोडून का म्हटली कळलं नाही. वकिलाची बायको आहे, सवय लागली असेल.

दिवाळीला अमरावतीला मित्राकडं जायचा बेत होता. तो ऐकताच सुनीती रडायलाच लागली. इतक्या वर्षांत भाऊबीज राहून गेली, यंदा तू हाताशी आहेस तर जातोस कसा, वगैरे. बहीण रडली की मी बेत बदलतो. राहतो आहे.

पाडवा

यंदाच्या कापसाला बाजारात कुणी विचारत नाही, पण या घरात त्याला मान आहे. वेचणीच्या पहिल्या बोंडांची सरकी काढून सुनीतीनं स्वतः वात वळली. संध्याकाळी चारुदत्तरावांना तेल लावलं, पाटावर बसवलं आणि ओवाळलं. ओवाळताना ओठ हलत होते. तबकातली सुपारी तिनं त्या चारही खड्ड्यांना टेकवली, कपाळावरच्या आणि केसांतल्या. मी म्हटलं, चारुदत्तराव, तुमच्या डोक्याचा सात-बारा काढते आहे. ते हसले नाहीत.

मग दिवा देवघरात नेला. विझू द्यायचा नाही म्हणे. रुखमाबाई, यांची जुनी स्वयंपाकीण, रात्री घरी गेली नाही. दोघी आळीपाळीनं तेल घालत बसल्या आहेत. मी माडीवर येऊन हे लिहितो आहे. अंधश्रद्धेवर मी आयुष्यभर इतकं लिहिलं, आणि माझ्या बहिणीच्या घरी तेलाची बुधली पहाऱ्यावर. पण करंज्या उत्तम झाल्या आहेत, म्हणून आज गप्प.

भाऊबीज

तोच दिवा. तीच सुपारी. मला पाटावर बसवलं.

सुनीतीनं उलटं ओवाळलं, उजवीकडून डावीकडं. चूक दाखवली तर म्हणाली, गप बस. ओवाळणीसाठी पाकीट काढलं तर तिनं हात धरला. म्हणाली, "तबकात काही टाकू नको दादा. फक्त 'घेतलं' म्हण." काय घेतलं ते विचारलं. ती म्हणाली, बहिणीला एवढाही भरवसा देत नाहीस का. तिचे डोळे भरले होते. मागं चारुदत्तराव दाराला टेकून उभे होते, आणि त्यांच्या मागं रुखमाबाई पदराचं टोक तोंडात धरून. सगळे माझ्या तोंडात करंजीचा पहिला घास पडायची वाट पाहत असल्यासारखे.

घेतलं, म्हटलं. त्यात काय जातं.

तिनं सुपारी विड्यात घालून मला खायला दिली आणि दिवा माझ्यासमोर विझवला, फुंकून. दिवा फुंकायचा नसतो हे आम्हाला आईनं शिकवलं होतं. मी तिला ते म्हटलं नाही. करंज्या समोर होत्या.

२० नोव्हेंबर

एक बरी बातमी. स्टँडरोडची जिन सुरू झालेली दिसते. दुपारी वाचनालयात आवाज येतो, फस् फस्, एका लयीत. कापूस खरेदीचा कुठं तरी निर्णय झाला असावा. झोपणाऱ्या दोघांना म्हटलं, ऐका, गावात धंदा परत आला. त्यांनी कान दिला आणि एकमेकांकडं पाहिलं.

संध्याकाळी चालत गेलो. जिनच्या फाटकाला कुलूप आहे, आत गवत छातीएवढं वाढलं आहे. आवाज तिथंही येत होता. तेवढाच. जवळ गेल्यानं वाढला नाही.

मनगटावर बोट ठेवलं. ठेका जुळतो.

३ डिसेंबर

डोळ्यांचं वय झालं, चष्मा बदलायला हवा. ओळ सुरू होते ती शब्दाच्या मधूनच. पुस्तकं सगळी अर्धवट छापल्यासारखी.

आज जेवताना मी म्हटलं, सुनीती, चटणी वाढायची राहिली.

सुनीती उठली. माझं ताट अर्धं फिरवलं आणि परत जागेवर जाऊन बसली.

चटणी आली. तिळाची होती. मी ती खाल्ली, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. चारुदत्तरावांकडं पाहिलं. त्यांनी डाव्या हाताशी असलेलं लिंबू न चाचपडता उचललं आणि वरणावर पिळलं.

बहीण घाबरली असती, डॉक्टर म्हणाली असती, दादा तुला दिसत नाही का असं विचारलं असतं, तर मी हे पान लिहिलंच नसतं. तिनं विचारलं नाही. तिचा हात ताटाकडं वाट पाहत असल्यासारखा गेला.

११ डिसेंबर

चारुदत्तराव मुंबईहून तपासून आले. गुंता पूर्ण बुजला. दोन-तीन वर्षांचं काम वर्षाच्या आत. डॉक्टरांनाही नवल वाटलं म्हणे, पण नवल वाटायची त्यांना फी मिळते. घरी पेढे. मीही खाल्ला. आनंद झाला, खोटं कशाला लिहू. मग आवाज एवढा वाढला की पेढे वाटणाऱ्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, नुसते ओठ.

१४ डिसेंबर

आज कळलं. रुखमाबाईकडून, आणि तिला वाटलं ती माझी स्तुती करते आहे.

सुनीती बाजारात गेली होती. मी स्वयंपाकघरात पाणी घ्यायला गेलो आणि डावीकडच्या कट्ट्यावर आपटलो. रुखमाबाईनं हात धरून बसवलं, पाणी दिलं, आणि मोठ्या मायेनं म्हणाली, "भाऊ, तुमच्यासारखा भाऊ नाही पाह्यला मी. लोकं बहिणीले साडी देतात, तुम्ही तं तिचं कुंकू देल्लं. सदाशिवरावले तं कोणी सांगतलंच नव्हतं, लय रडले म्हणे ते मरतानी. तुमचं तसं नाही. तुम्ही समजून घेतलं."

मी काय घेतलं ते विचारलं नाही. विचारायला लागलं नाही. तीच सांगत गेली, कढईत फोडणी घालता घालता. पाडव्याला बायको नवऱ्याचं उतरवून दिव्यात घेते. दिवा जागता ठेवते. दुसऱ्या दिवशी भाऊ पाटावर बसतो आणि आपल्या तोंडानं घेतलं म्हणतो. आपल्या तोंडानं म्हणावं लागते, नाहीतर लागू होत नाही. सासूबाईंनी सुनीतीला शिकवलं. सासूबाईंना त्यांच्या सासूनं. सगळ्या बाया करत नाहीत. लागल्यावरच करतात.

मी म्हटलं, फोडणी जळते आहे.

१५ डिसेंबर

सुनीतीला विचारलं. मेथी निवडत होती. खोटं बोलली नाही, निवडायचीही थांबली नाही. एवढंच म्हणाली, "त्याइच्यामागं मी आहे, दोन पोरी आहेत. तुझ्यामागं कोण आहे दादा?"

पोरी पुण्याला शिकतात. मामा म्हणतात मला. धाकटीला मी सायकल शिकवली होती. हिशेब बरोबर आहे. मी न्यायाधीश असतो तर हाच निकाल दिला असता, फक्त आधी आरोपीला बोलावलं असतं.

ओरडलो. बहिणीवर मी कधी ओरडलो नव्हतो. तिनं ऐकून घेतलं आणि मग मान वर करून म्हणाली, "तूच तं लिहितोस का याच्यात काही नसते म्हणून. मंग घाबरून कायले राह्यला?"

वीस-बावीस वर्षांची माझी सदरं त्या एका वाक्यानं माझ्याच तोंडावर आपटली. तिनं केलं असं म्हणायचं तर मी जन्मभर लिहिलेलं खोटं. काही होत नाही म्हणायचं तर तिचा गुन्हा नाही. तिनं मला मेथीची जुडी दिली, निवड म्हणाली.

निवडली. देठं डावीकडं पडत होती. ती मला दिसत नव्हती.

१९ जानेवारी २००६

नागपूर. फिल्म काढली. उजवीकडं, मागच्या बाजूला. डॉक्टर भला माणूस. गुंता जन्मापासूनचा आहे म्हणाला, असा नंतर कुणाला होत नसतो. घरात आणखी कुणाला? मेहुण्याला, म्हटलं. तो हसला. मेहुण्याच्या रक्ताचा तुमच्याशी काय संबंध.

चारुदत्तरावांची जुनी फिल्म मी सोबत नेली होती. दोन्ही काचेवर शेजारी लावायला लावल्या. त्यानं लावल्या. बराच वेळ पाहत राहिला. एक नळी वाकून मागं येते, तिला दोन फाटे फुटतात, एक फाटा टोकाला फुगलेला. दोन्हीकडं. मग त्यानं दिवा बंद केला आणि म्हणाला, असं साम्य कधी कधी आढळतं.

घरी आल्यावर सुनीतीनं आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग अहवाल वाचायला घेतला. म्हणाली, पाह्य, डॉक्टरच म्हणतात जन्मापासूनचा. उगा मले लावून राह्यला होतास.

ज्या शास्त्राची मी आयुष्यभर बाजू घेतली, ते तिच्या बाजूनं साक्ष देऊन आलं.

२ फेब्रुवारी

वाचनालयात पडलो. जीभ चावली गेली. जाग आली तेव्हा तो रहस्यकथावाला वारा घालत होता. त्यानं कुणाला सांगू नये म्हणून त्याला शेवटचं पान सांगितलं. खुनी कोण ते. मनानंच. त्याला पटलं.

१२ मार्च

मुंबईहून परत. किरण झाले.

चौकट आवळतात तेव्हा दुखत नाही, आधी सुई देतात. पण आवाज ऐकू येतो, स्क्रू हाडात बसतानाचा. आपल्याच कवटीत सुतारकाम. मग यंत्रात. आत सगळं शांत. इतक्या किरणांनी एकाच वेळी नेम धरून पाहिलं तरी त्यांनाही कळलं नाही तो गुंता कुणाचा. आता थांबायचं. दोन-तीन वर्षं. चारुदत्तरावांचेच शब्द, फक्त आता ऐकणारे ते.

सोबत तेच आले होते. फार जपलं. प्लॅटफॉर्मवर हात धरून चालवत होते, डावीकडं खांब आहे, डावीकडं हमाल आहे. गाडी सुटल्यावर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "वाचनालयात ग्रंथपालाची जागाच नव्हती वामनराव. मी मंजूर करून घेतली. सुनीतीले जमलं नसतं हो तुम्हाला बोलावणं. ते मी केलं."

माफी मागत होते. वकिलाची माफी म्हणजे कबुली नाही, नोंद. मला वाटलं होतं एक माणूस तरी यात—

डबा आमच्याजवळ होता. सुनीतीनं दिलेल्या पोळ्या. दोघांनी वाटून खाल्ल्या. त्यांनी चटणी माझ्या उजवीकडं ठेवली.

९ एप्रिल

खड्डे भरत नाहीत. चार. आरशात दोनच दिसतात, तेही मान वळवल्यावर.

सुनीती आज खोलीत आली. पलंगावर बसली. लहानपणी बसायची तशी, पाय वर घेऊन. म्हणाली तिला झोप नाही. तिनं एक मार्ग काढला आहे. किरणांना दोन-तीन वर्षं लागतात, दिवाळी सहा महिन्यांवर आहे. माझं लग्न करायचं.

महागावला एक शिक्षिका आहे. भैरवी नाव. चाळिशीची, सुस्वभावी, आईवडील नाहीत, भावाला वाढवण्यात स्वतःचं राहून गेलं. एकच भाऊ. बहिणीवर जीव टाकतो.

तिनं हे स्थळाचे गुण सांगावेत तसं सांगितलं. स्थळाचे गुणच आहेत ते.

मी म्हटलं, ती बाई कशाला करेल असलं. सुनीतीनं माझ्या उशीचा अभ्रा नीट केला. म्हणाली, "दिवाळीपर्यंत नवरा आपला होते दादा. मंग बाई विचार नाही करत."

हाकलून दिलं तिला.

हाकलून दिल्यावर दिवाळी कधी आहे ते पाहिलं. कॅलेंडर डावीकडच्या भिंतीवर आहे. त्यासाठी उठून, उलटं वळून उभं राहावं लागलं. राहिलो.

२३ एप्रिल

महागाव. उन्हाची वेळ. मी जाणार नव्हतो. आदल्या दिवशी पुन्हा पडलो आणि सकाळी सुनीतीनं धुतलेला सदरा पुढं केला, मी हात घातले.

भैरवीनं पन्हं दिलं. कमी बोलते. हात शिक्षिकेचे, बोटांना खडू. भाऊ साकेत. तिशीतला, मोठ्यानं हसणारा. माझी सदरं वाचलेली. कोणत्या तरी जुन्या सदरातला मंत्र्याचा विनोद त्यानं मलाच सांगितला, शेवट चुकवून, आणि माझ्याआधी हसला. पहिल्याच भेटीत भाऊजी. मला पंख्याखाली बसवलं, स्वतः उन्हाच्या झळेत. ताईनं माझ्यासाठी बारा स्थळं परत पाठवली म्हणाला, तिचं झालं की मी सुटलो.

नाही म्हणणार होतो. वाक्य तयार होतं, येताना गाडीत घोटलेलं. आजारी माणूस आहे, मुलीचं नुकसान नको. सभ्य वाक्य.

सुनीतीनं सगळ्यांसमोर विचारलं. तोंड उघडलं—

हो म्हटलं.

२४ एप्रिल

आजार त्यांना सुनीतीनं सांगून टाकला आहे. सगळा, उपचारासकट. साकेत म्हणाला, माणूस प्रामाणिक आहे.

१ मे

आवाज झोपेतही. जिन थांबत नाही. सदाशिवराव किती दिवस जगले ते रुखमाबाईला विचारलं. ती म्हणाली, दुसरी दिवाळी नाही पाह्यली त्याइनं.

त्यांना बायको नव्हती.

७ मे

सुनीती माझी बहीण आहे. हे परत लिहून पाहिलं. अर्थ लागत नाही. आई गेली तेव्हा हिनंच मला—

तिनं आज दुधात हळद घालून आणली. पाठीवरून हात फिरवला. मला बरं वाटलं. हे सगळ्यांत वाईट.

ओळ कुठं सुरू करतो दिसत नाही. पानाच्या मधून लिहितो.

११ मे

चिठ्ठी लिहायची साकेतला. तीनदा सुरू केली. काय लिहू. बहीण ओवाळेल तेव्हा बसू नकोस? बहीण आहे त्याची. तो बसेल. मीही बसलो असतो, कुणी लिहिलं असतं तरी. हसलो असतो. त्यावर सदर लिहिलं असतं.

मोडता येईल लग्न. एका शब्दात. तो शब्द

१४ मे

सकाळ. साकेत साखरपुड्याचं ठरवायला आला आहे. एकटाच, महागावहून. सुनीती पोहे करते. लेखक माणूस, लिहीत असले की बोलायचं नाही, असं तिनं त्याला सांगितलं. तो गप्प बसला आहे. कौतुकानं, वाटतं. मला

डावीकडं बसला आहे.

तिथं कुणी नाही. खुर्ची नाही, भिंत नाही. फक्त श्वास आहे, आणि मधूनच हसू, आतल्या आत, बहिणीचं लग्न ठरलेल्या माणसाचं. माणूस नाही. असं सोपं आहे. दिवाळीपर्यंत असंच बसता येईल, समोर बघत

डोकं फार— उजव्या बाजूनं, मागं, गरम

भाऊजी, म्हणतो आहे. भाऊजी, बरं वाटत नाही का.

मान वळवली तर दिसेल. चेहरा. मग सांगावं लागेल. एवढीशी मान

वळव